निम्म्या घागरीवरचा काटा

आपा, तुमच्या मातीला मी आलो तवा माझ्या एका पायात माझी चप्पल हुती आन दुसऱ्या पायात माझ्या बायकूची, शालनची. कबरस्तानच्या फाटकाशी काढायला वाकलो तवा मला समजलं. तुमचा नजीर शेजारी उभा राहून रडायला हुता. त्यानं खाली बघितलं, माझ्या तोंडाकडं बघितलं, आन त्याला रडता रडताच हसू फुटलं. "नामाकाका, अम्मीनं आज तुमाला सोडलं नसतं," म्हणाला. मंग आमी दोघंबी रडलो. मूठभर माती टाकली. तुमाला उगं बसून राहिलेली माणसं आवडत न्हाईत, म्हणून लगीच निघालो.

निघताना नजीर म्हणाला, "काका, अम्मीबद्दल दोन शबुद लिहून द्या. आमी जपून ठिवतो." आता मला लिहाय कुठं येतंय? शाळंत मी गेलोच न्हाय असं न्हाय. गेलतो, भिंतीला गिलावा करायला. म्हणून मी बोलायलो आन शालन लिहायली. ती सातवी शिकलीय. मधी मधी हात थांबवून "हे खोटं हाय" म्हणती, ते ती लिहीत न्हाय. म्हणजे हितं जे हाय ते घरातनं पास झालेलं हाय.

तुमचं रिवाइंडिंगचं दुकान, आपा, म्हणजे जळल्या मोटरीची तार काढून नवी गुंडाळायचं. तुळजापुरात स्टँडच्या मागल्या बोळात, जळक्या मोटरींचा ढीग दारात आन वार्निशचा वास पार रस्त्यापर्यंत. मी आमच्या गावचा पाणीवाला. विहिरीवरची मोटर चालू करायची, टाकी भरायची, वॉल फिरवून गावाला पाणी सोडायचं. येवढंच काम. तेवढ्यातबी मी मोटर जाळायचो. विहिरीतलं पाणी सरायचं, मोटर कोरडी फिरायची, आन मी लिंबाखाली घोरत पडलेला. टेंपोतनं मोटर घिऊन आलो की तुमी डोळ्यावरचा चष्मा कपाळावर सारायच्या.

"परत तूच?"

"आपा, दुसरी मोटर हाय."

"माणूस तर त्योच हाय की रे! माणसाचं रिवाइंडिंग करता आलं असतं तर तुला आदी उलगडला असता मी."

पर तुमी तार गुंडाळायला बसल्या की मी बोलायचं बंद करायचो. मी बोलायचं बंद करणं म्हणजे गावात बातमी हाय. तुमचा एक हात चाक फिरवायचा, दुसऱ्या हाताच्या चिमटीतनं तांब्याची तार सरसर जायची, वेढ्याला वेढा चिकटून, रेशमाच्या साडीच्या काठावाणी. गिऱ्हाईक आलं, फोन आला, सुनंनं चहा आणला, समद्यांशी तुमी बोलायच्या, आन वेढे चुकायचे न्हाईत. मला शेरडं मोजताना मधी कुणी राम राम घातला तरी पयल्यापासनं मोजावं लागतं.

मंग माझा पाय मोडला. ह्ये कसं झालं ते गावाला म्हाईत हाय, पर शालन म्हणती लिहाच. आमचं गाव उताराचं. खालची आळी आन वरची आळी. दोन्हींचं पाणी एकाच टाकीतनं. खालचा वॉल उघडा राहिला तर समदं पाणी खाली पळतं आन वरच्या आळीला नळातनं नुसती हवा येती, फुस्स करून. म्हणून टाकी निम्मी झाली की खालचं बंद करायचं आन वरचं सोडायचं. निम्मी झाली का ते बघाय शिडीनं टाकीवर चढायचं. त्या दिवशी मी वर चढून कंडक्टरवाणी बोंबलायलो हुतो, "चलाऽऽ तामलवाडी, सोलापूर! मागं सरका, मागं सरका!" खाली बाया हसायल्या. मला आनखी जोर आला. आन मी सवताच मागं सरकलो.

पायात स्टीलची पट्टी घातली, स्क्रू मारले. डॉक्टर म्हणाले, शिडी बंद. मी अंदाजानं वॉल फिरवाय लागलो. माझा अंदाज म्हणजे काय सांगावं! वरच्या आळीला लागोपाठ कैक दिस पाणी गेलं न्हाय. गोदामावशी, वरच्या टोकाच्या शेवटच्या नळावरची म्हातारी, रिकामा हंडा घिऊन माझ्या दारात आली आन हंडा पालथा घालून त्याच्यावर बसली. सरपंच म्हणाले, "नामा, तू चांगला हाईस, पर टाकीवर चढणारा माणूस बघावा लागंल."

मी तुमच्याकडं आलो ते नोकरीसाठी न्हाय, मोटरीच्या झाकणाचा बोल्ट घ्यायला. पर तुमी इचारलं, "तोंड का उतरलं?" आन मी हसवत हसवत समदं सांगितलं. तुमी हसल्या न्हाईत. तुमी म्हणाल्या, "टाकीवर चढायचं कशाला? टाकीनं खाली सांगाय पायजे."

त्या दिवशी तुमी मला जे दाखवलं ते अजून माझ्या डोळ्यापुढं हाय. हातातल्या चांदीच्या बांगड्या काढून गल्ल्यात ठिवल्या. एक पोकळ नळकांडं, त्याच्यावर तार गुंडाळलेली, तिला तुमी कॉइल म्हणायच्या, तिला वीज जोडलेली, शेजारी काटा. "आता हिच्यात एकेक घाल," म्हणाल्या. मी लाकूड घातलं. काटा गप. बटाटा घातला. गप. माझं बोट घातलं. गप. मंग पान्याची दांडी घातली आन काटा टुणकन उडाला. जेवढी दांडी आत, तेवढा काटा फुडं. मी काय करावं? नळकांड्याला डोकं लावलं. काटा हलला न्हाय.

"बघा आपा, आत काय बी न्हाय."

"हे कळाया मला काटा लागत न्हाय," तुमी म्हणाल्या.

मंग समजावून सांगितलं, भाकरी थापत सांगावं तसं. तारंतली वीज झोक्यावाणी इकडं-तिकडं हलती. तशी ती हलली की तारंच्या भवती एक जोर तयार हुतो, डोळ्याला दिसत न्हाय. लोखंड आत आलं की त्यो जोर वाढतो आन वीजंला झोका घ्यायला जड जातं. किती जड गेलं, त्यो काटा सांगतो. हात लावायचा न्हाय, घासायचं न्हाय, झिजायचं न्हाय.

"म्हणजे तिला पाणी कळतं?"

"नक्को रे! तिला पाणी कळत न्हाय, वजन कळत न्हाय, कायच कळत न्हाय. लोखंड किती आत आलं, येवढं एकच कळतं. तुला जे मोजायचं हाय, ते आदी लोखंडाच्या हलण्यात आणून दे. मंग ती मोजंल."

साखर कारखान्यात तुमी मोटरी बांधायला जायच्या, तिथल्या एका साहेबानं तुमाला ह्ये शिकवलं हुतं. तुमी दर खेपंला त्यांचं नाव घ्यायच्या आन वर हे बी म्हणायच्या, "शिकवलं त्यांनी, पर समजलं मलाच लवकर." कारखान्यात म्हणं वाफेचा दाब मोजायचा तर दाबानं एक पातळ पत्रा फुगतो, पत्र्याला धरून लोखंड सरकतं, आन कॉइल तेवढं सरकणं सांगती. चरकाचा वेग मोजायचा तर दात्याचं चाक कॉइलफुडनं फिरतं आन ती येक येक दात मोजती.

"माझे मोजायला कॉइल कशाला, आपा, दोन बोटं पुरत्यात," मी म्हणालो. तुमी मला दात दाखवायला लावलं न्हाय, उपकार.

मंग मला इचारलं, "विहिरीतनं बादली वढताना कवा जड लागती?"

"पाण्याभाईर आल्यावर."

"आन पाण्यात असताना?"

"हलकी."

"मंग झालं की!"

मला वाटलं बादली आणाय सांगायल्यात. मी उठलो. तुमी कपाळाला हात लावला. "या अल्ला, बस खाली!"

एक लांब पाईप, आत वाळू-सिमेंट भरून जड केलेला, टाकीत स्प्रिंगला टांगायचा. टाकी रिकामी असली की त्यो पुरा जड, स्प्रिंग ताणलेली, आन पाईपाला वर जोडलेल्या दांडीवरचं लोखंड कॉइलच्या खाली. पाणी चढाय लागलं की पाईप बादलीवाणी हलका हुणार, स्प्रिंग आखडणार, लोखंड वर सरकून कॉइलमंदी शिरणार. पाणी, मंग वजन, मंग लोखंड, मंग काटा. आपा, मी जलमभर विहिरीवर बादल्या वढल्या. हात दुखला येवढंच मला समजलं. तुमी त्याच बादलीतनं येवढं काढलं.

नजीरनं वर चढून समदं बसवलं. खाली मोटरीच्या खोलीत काटा. मला वाचता येत न्हाय म्हणून तुमी काट्याच्या मागं तीन घागरी काढल्या, सुनंच्या नेलपॉलिशनं. एक रिकामी, एक निम्मी, एक भरलेली. मी म्हणालो, "आपा, ह्यात पाणी गुलाबी दिसायलंय." तुमी म्हणाल्या, "तुला पाणी पायजे का रंग?"

आन मंग मी माती खाल्ली. नवी वस्तू, गावात समदी कौतुक करायलेली, दृष्ट लागंल न्हाय का? आमच्यात नव्या ट्रॅक्टरला, नव्या दाराला घोड्याची नाल लावत्यात. मी एक भली जाड नाल आणली. मला चढता येत न्हाय, म्हणून टाकीवर कावळ्याची घाण काढाय चढलेल्या माणसाला म्हणालो, "त्या वरच्या डब्याला तेवढी घट्ट बांध. मेन वस्तू तीच हाय." त्यानं नाल नेमकी कॉइलच्या अंगाला बांधली.

दुसऱ्या दिवशी काटा निम्म्या घागरीवर यायचं नावच घिईना. मी निवांत. खालची आळी भरायली, भांडी, हौद, म्हशी धुऊन झाल्या. मी लोकाला सांगायलो, "बघा आपांची करामत, पाणी सरतच न्हाय!" शेवटी काटा निम्म्यावर आला. मी खालचं बंद केलं, वरचं सोडलं. वरच्या आळीला दोन हंडे गेले आन फुस्स.

सरपंच तापले. तुमी स्कुटीवर आल्या, हेल्मेटखाली ओढणी बांधून. नजीर वर चढला आन वरनंच वराडला, "अम्मी, हितं घोड्याची नाल हाय!"

तुमी माझ्याकडं बघितलं. मी लिंबाकडं बघितलं.

"कॉइलला काय कळतं?"

"लोखंड."

"नाल कशाची?"

"लोखंडाची."

मला वाटलं आता जोडा पडतो. तर तुमी पायरीवर बसून डोळ्यातनं पाणी येईस्तोवर हसल्या. सरपंचाला म्हणाल्या, "साहेब, कॉइल लई चोख हाय. तिला लोखंड दिसलं, तिनं लोखंड सांगितलं. हा माणूस मातर बिगर कॉइलचा हाय." ते बी हसले. माझी नोकरी त्या हसण्यानं वाचली आपा, यंत्रानं मागनं. नाल तुमी फेकून दिली न्हाय. म्हणाल्या, "नाल वाईट न्हाय, जागा वाईट. खोलीच्या दाराला लाव." अजून हाय. तिच्यामुळंच कुणाची नजर लागली न्हाय, असं माझं म्हणणं, आन तुमी म्हणायच्या, "त्याचा बी काटा करून दाखव, मंग मानते." ते भांडण तसंच राहिलं.

भांडणं काय एक हुती का! शालनचा राग मोजायची कॉइल करून द्या म्हणून मी मागं लागलो हुतो.

"राग लोखंडात आणून दे," तुमी म्हणाल्या.

"ती भाकरीचा तवा फेकून मारती, आपा. लोखंडाचाच हाय."

"मंग काटा कशाला? तवा किती जवळ आला ते तुला कळतंच की!"

(शालननं हे लिहिलंय, पर पेन जोरात दाबून.)

देवीच्या दर्शनाला गेलो तवाची गंमत मी तुमाला सांगितलीच न्हाय. दारातली चौकट माझ्यावर बोंबलली. पोलीस म्हणाला, "खिशातलं काढा." खिसे रिकामे. परत बोंबलली. मी म्हणालो, "साहेब, पायात हाय, स्क्रूनं बसवलंय, पान्ना असंल तर द्या, काढतो." मागची रांग हसली. मंग मी त्यांना तुमचं समदं ऐकवलं, तार, झोका, जोर, धातू जवळ आला की वीजंला कसं कळतं. पोलीस म्हणाला, "काका, तुमी शिकलेले दिसता." आपा, मला जलमात पयल्यांदा कुणी असं म्हणालं. तुळजापुरातच हुतो, दुकान जवळच. सांगाय यायचं हुतं. तर म्हणालो, फुडल्या खेपंला. अशा फुडल्या खेपा मी बक्कळ साठवल्यात.

पर मला खरं बोलायचंय ते त्या दोन स्क्रूचं. खोलीतल्या काट्याच्या पेटीत दोन बारके स्क्रू. एक रिकाम्या घागरीचा, एक भरलेल्या घागरीचा. आमच्या पाण्याला क्षार लई. त्यो टांगलेल्या पाईपाला चिकटतो, पाईप जड हुतो, काटा हलतो. टाकी धुताना त्यो क्षार खरवडला की परत उलटं. म्हणून टाकी धुतली की तुमी यायच्या. टाकी रिकामी असताना पयला स्क्रू, भरल्यावर दुसरा. एकाला हात लावला की दुसरं थोडं हलतं, म्हणून परत पयल्याकडं यायचं. आन निम्म्याला हातच लावायचा न्हाय. तुमी म्हणायच्या, "दोन टोकं खरी बसव, मधलं सवताहून खरं येतं."

आन दर खेपंला माझ्याकडं स्क्रूड्रायव्हर करायच्या. "लाव हात."

मी म्हणायचो, "नको आपा, मी हात लावला की वस्तू माझ्यावाणी हुती." तुमी हसून सवताच फिरवायच्या. मी चहा आणायचो. चहा मातर चांगला आणायचो.

तुमी गेल्या त्याच आठवड्यात टाकी धुतली. मातीवरनं परत आलो तर काटा बिघडलेला. टाकीत थेंब न्हाय आन काटा रिकाम्या घागरीच्या वर उभा. म्हणजे पाणी असंल त्यापेक्षा जास्ती सांगायला. वरच्या आळीला परत फुस्स. सरपंच म्हणाले, "नामा, बाई चांगली हुती, पर गेली. आता ते भंगारात घाल. चढणारा माणूस ठिवू." वाईट माणूस न्हाय त्यो. मला दोन दिसांचा येळ दिला. नजीर तुमच्या दुःखात, त्याला कुठल्या तोंडानं बोलवायचं?

सकाळी मी पेटी उघडली. स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. शालननं पदर खोचला आन शिडीला हात घातला.

"कुठं निघालीस?"

"तुमाला वर कोण सांगणार, टाकीत काय हाय ते? कावळा?"

ती चढली, आपा. मी खालनं एकबी इनोद केला न्हाय.

मी पयला स्क्रू फिरवला. काटा भरलेल्या घागरीच्या पार जाऊन पेटीच्या कडंला आदळला.

"काय झालं?" वरनं शालन.

"टाकी सांडली."

"आत थेंब न्हाय की वो!"

मंग उलटा फिरवला, जरा, आनखी जरा, श्वास धरून. काटा रिकाम्या घागरीवर बसला. मोटर चालू केली. टाकी भरंस्तोवर मी लिंबाखाली गेलो न्हाय, काट्याफुडं बसून राहिलो. शालन वराडली, "भरली, भरली, सांडायली!" दुसरा स्क्रू. भरली घागर. टाकी परत रिकामी करून पयला परत, म्हणजे पाणी वाया जाऊ न देता गावालाच सोडून. सांजपतुर हेच. शालन किती येळा चढली-उतरली ते ती लिहू देत न्हाय, पाय दुखायलेत म्हणती.

दुसऱ्या दिवशी टाकी भरली, शालन परत वर चढली, खालचं पाणी सोडलं. काटा सरकत सरकत आला आन निम्म्या घागरीवर आला. मी वराडलो, "शालन, काठी टाक!" तिनं काठी टाकली, वढली, ओली खूण बघितली.

"निम्मी हाय वो! बरुबर निम्मी!"

खालचं बंद केलं. वरचं सोडलं. आन मी लंगडत वरच्या आळीला निघालो. आपा, वाटंत मी तुमच्याशी बोललो. जे तोंडावर कवाच बोललो न्हाय ते. तुमी काय सांगायल्या ते मला पयल्या दिवसापासनं समजत हुतं. समजत न्हाय असं दावलं की तुमी परत सांगायच्या. दुकानात आनखी जरा बसता यायचं. मला कुणी कवा येवढं सांगितलंच नव्हतं, आपा, बापानं न्हाय, कुणी न्हाय. तुमी मला हसायच्या, पर मला येत न्हाय असं एकदाबी म्हणाल्या न्हाईत. ते मीच म्हणायचो.

शेवटच्या नळाशी गोदामावशी हंडा लावून बसलेली.

"आलं का?" मी इचारलं.

"आलंय तर. मला वाटलं आपा गेल्या, आता आमचंबी गेलं. कुणी नीट केलं रं?"

माझ्या तोंडात चार इनोद तयार हुते. एकबी भाईर पडला न्हाय.

"म्या केलं, मावशी."

तिनं माझ्याकडं बघितलं. हसली न्हाय. हंडा काठोकाठ भरला हुता, त्यो तिनं दोन्ही हातानं बाजूला वढला आन धारंखाली दुसरा लावला.